दोन बाकं, एक डबा

"मयताचे नातेवाईक या बाकावर बसा, आरोपीचे त्या बाकावर," मोनालीने दोन्ही हातांनी दोन बाजू दाखवल्या. कोणीच हललं नाही.

हलणार तरी कोण? गौरांग गेला तो गिरिधररावांचा आणि यमुताईंचा एकुलता मुलगा, आणि ज्याच्या हातात तेव्हा गाडीचं स्टिअरिंग होतं तो पुष्कर गिरिधररावांचा सख्खा पुतण्या, नवव्या वर्षापासून यमुताईंच्या हातचं जेवून वाढलेला. सरकारी बाजूचे साक्षीदार म्हणून आलेल्या माणसांनीच आरोपीला वकील लावून दिला होता. चार पुडांचा एकच डबा यमुताईंच्या मांडीवर होता, आणि त्यात पोळ्या मोजून चौघांच्या होत्या.

"यायले कसं वेगळं करता मॅडम?" साक्षीदारांची पुकार करणारा हवालदार चंद्रभान भिंतीला टेकून म्हणाला. "हे तं सारं एकच घर हाय."

"घर एक असू द्या, बाकं दोन आहेत," मोनाली म्हणाली. "काकाजी, नियम मी केला नाही. साक्षीदार अन् आरोपी एकमेकांशी बोलले, तं उद्या कोणीही उठून म्हणन की पढवून आणले."

गिरिधरराव खाकरले. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. नियम म्हटला की त्यांची मान आपसूक हलायची. पण 'पढवून' हा शब्द ऐकल्यावर त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला, तो यमुताईंनी पाहिला. पुष्कर मात्र मुकाट्याने उठला आणि जिन्याजवळच्या बाकावर जाऊन एकटा बसला. गेलं दीड वर्ष त्याला हेच जमत होतं. अपघातानंतर महिन्याभरात त्याने प्रतापनगरचं घर सोडलं आणि मिहानच्या नोकरीला जवळ पडतं म्हणून चिंचभुवनला खोली घेतली. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते कोणी बोलून दाखवत नव्हतं.

कोर्टाची ही सहावी खेप. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण पायरी चढूनही काम होत नाही हे या कुटुंबाने पाच वेळा अनुभवलं होतं. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले, एकदा तर ही मंडळी तिसऱ्या मजल्यावर ताटकळत बसली आणि पुकारा चौथ्यावर होऊन गेला. साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख. मग तीन महिन्यांपूर्वी ही मोनाली रामटेके आली. साक्षीदार समन्वयक अशी पाटी लावलेली एवढीशी खोली, एक टेबल, एक पाण्याचा माठ आणि एक जाड रजिस्टर. आठवड्याआधी फोन, आदल्या दिवशी फोन, सकाळी फोन. "मावशी, आज आपला नंबर अठरावा आहे. साडेअकराच्या आधी येऊ नका, उगा बसून कंबर धरन." तिचं रजिस्टर बघून गिरिधरराव घरी आल्यावर म्हणाले होते, "बाई आमच्या खात्यात असती, तर मी एक वर्ष आधी रिटायर झालो असतो." त्यांच्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणाला मिळालं नव्हतं.

आणि आदल्या दिवशी तिने यमुताईंना आणि त्यांच्या सुनेला, गौरांगच्या बायकोला, भैरवीला रिकामं कोर्ट दाखवलं होतं. साहेबांची खुर्ची कोणती, टायपिंग करणारी बाई कुठे बसते, वकील कुठून प्रश्न विचारतात. यमुताईंना तिने साक्षीदाराच्या कठड्यात उभं केलं. लाकूड हाताला गुळगुळीत लागलं.

"प्रश्न समजला नाही, तं परत विचारा म्हणा. आठवत नसन तं आठवत नाही म्हणा, त्यात काही लाज नाही. पाणी पाहिजे असन तं हात वर करा, मी दारापाशीच राहीन. अन् वकील काहीही विचारो, उत्तर साहेबांकडे पाहून द्या."

"शपथ देवाची घ्यावी लागते ना?" यमुताईंनी विचारलं होतं.

"देवाची घ्या, नाही तं खरं बोलण्याची प्रतिज्ञा घ्या. आमच्या घरचे प्रतिज्ञाच घेतात. दोन्हीचं वजन सारखंच."

तिथे उभ्या राहून यमुताईंना एकदम भरून आलं. "त्या दिवशी ना मोनाली, संध्याकाळी मी—"

मोनालीने हात वर केला. "थांबा मावशी. काय झालं ते मले नका सांगू. मले ते ऐकायचंच नाही. ते फक्त इथं, उद्या."

आधी यमुताईंना रागच आला. केवढी कोरडी मुलगी, असं वाटलं. पण घरी परतताना ऑटोत त्यांच्या लक्षात आलं, की दीड वर्षात प्रत्येकाने त्यांना काय बोलायचं ते सांगितलं होतं. नवऱ्याने, वकिलाने, नणंदेने, शेजारणीने सुद्धा. त्यांचं त्यांच्यावर सोपवणारी ही पहिलीच भेटली होती.

आता तेच 'काय बोलायचं' त्यांच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेलं होतं. सकाळी निघताना गिरिधररावांनी प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला होता. डावीकडे समास सोडलेला, मुद्द्यांना आकडे, अक्षर असं की छापल्यासारखं. भैरवीच्या कागदावर होतं, की तिला अचानक जाग आली तेव्हा रोही रस्त्यातून पळताना दिसला. काटोलच्या रस्त्यावर संध्याकाळी रोही, म्हणजे नीलगाई, आडवे येतात हे नागपुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तेव्हा कोर्टालाही पटायला हरकत नव्हती. यमुताईंच्या कागदावर तिसरा मुद्दा होता: फोन माझा मुलगा गौरांग याने उचलला. तो 'बोल आई' असे म्हणाला.

सगळी केस त्या फोनवर उभी होती. नरखेडहून मित्राच्या बागेतली संत्री घेऊन तिघं परतत होते. पुष्कर चालवत होता, गौरांग त्याच्या शेजारी, भैरवी मागे झोपलेली. गौरांगचा फोन बंद पडला होता, म्हणून यमुताईंनी पुष्करच्या नंबरवर लावला. एक मिनिटभर बोलणं झालं आणि तुटलं, हे फोन कंपनीच्या कागदांत होतं. बोललं कोण, ते कुठल्याच कागदात नव्हतं. पुष्कर बोलत असेल, तर एका हातात फोन धरून गाडी चालवल्याबद्दल तो दोषी. गौरांग बोलत असेल, तर रोही आडवा आला, दैव आडवं आलं, पोरगा सुटला. पोलिसांनी तेव्हा भानावर नसलेल्या आईला फार छळलं नव्हतं. 'बोलत असताना आवाज बंद झाला,' एवढंच लिहून सही घेतली होती.

"मुद्दा तीन नीट पाठ आहे ना?" गिरिधररावांनी बाकावर सरकून हळूच विचारलं. भैरवीची साक्ष आत सुरू झाली होती. कॉरिडॉरमध्ये काळे कोट, फायली आणि चहाच्या थर्मासची ये-जा चालली होती.

"पाठ काय करायचंय त्यात," यमुताई म्हणाल्या. "दोनच शब्द तर आहेत."

"तसं नाही, वकील फिरवून विचारतात. म्हणून म्हणून राहिलो."

"अहो, पण तुम्ही हॉलमध्ये होता ना तेव्हा?"

"होतो." गिरिधररावांनी चष्मा काढून पुसला. "पेपर वाचत होतो."

"मग?"

"मग काय? काही ऐकलं नाही मी." त्यांनी चष्मा परत लावला. "यमू, गोपाळला मी शब्द दिला होता. दवाखान्यात, त्याचा हात हातात घेऊन. पुष्करला उघड्यावर पडू देणार नाही म्हणून. माझा भाऊ त्याच रात्री गेला."

"अन् गौरांगला काही शब्द नाही द्यायचा आपण?"

"गौरांगला आता काय लागतं?" त्यांचा आवाज चिरकला. "जो गेला त्याला काही लागत नाही. जो राहिलाय त्याचं बघायचं. एक गेला, दुसरा मी माझ्या हाताने आत घालू?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीत आपलंच लेकरू. पण खरी गोची वेगळीच होती आणि ती त्यांना नवऱ्याला सांगता येत नव्हती. सकाळपासून त्यांनी तो कागद सात-आठ वेळा वाचला होता. प्रत्येक वेळी तिसऱ्या मुद्द्यावर डोळे थांबायचे. बोल आई. वाचता वाचता त्यांना तो आवाज ऐकू येऊ लागला होता, सर्दी झाल्यासारखा जरासा घोगरा, गौरांगचा. दीड वर्ष त्यांनी एकाच गोष्टीसाठी जीव टाकला होता, की शेवटचं काहीतरी तो माझ्याशी बोलला असता. आणि ते आयतं, निळ्या शाईत, समास सोडून कोणीतरी लिहून दिलं होतं. नुसतं कठड्यात उभं राहून म्हणायचं, की ते कायमचं त्यांचं होणार होतं. कोर्टाचा शिक्का बसून.

त्यांना ते हवं होतं. पुष्करसाठी नाही, स्वतःसाठी हवं होतं. याचीच त्यांना लाज वाटत होती.

दुपारच्या सुट्टीत भैरवी बाहेर आली, पण त्यांच्या बाकाकडे आली नाही. मोनाली तिला थेट आपल्या खोलीत घेऊन गेली आणि परत येऊन समोर उभी राहिली.

"मावशी, साक्ष झालेल्या माणसानं न झालेल्यांशी बोलायचं नाही. वहिनीचं जेवण माझ्याजवळ द्या, मी नेते."

"अगं, एवढंच सांग, बरी आहे ना ती? रडली का?"

"जेवण मी नेईन मावशी. निरोप इकडचा तिकडे नेणार नाही." मग तिचा सूर मऊ झाला. "पाणी प्याली. बसली आहे."

यमुताईंनी डबा उघडला. एका पुडाच्या झाकणात दोन पोळ्या, वांग्याची भाजी, कैरीचं लोणचं. दुसऱ्या झाकणात तेवढंच. "हे त्या बाकावर दे," त्या म्हणाल्या. पुष्कर खाली मान घालून बसला होता. त्याने ते घेतलं, आणि लोणच्याची फोड उचलून बोटात धरून बसला, तोंडात घातली नाही. लहानपणी जेवताना तो लोणचं शेवटासाठी ठेवायचा, त्यातलं आवडतं म्हणून. यमुताईंनी मान वळवली.

"यात काय आहे?" पर्स उघडताना डोकावलेल्या कागदाकडे बघून मोनालीने विचारलं, आणि लगेच म्हणाली, "नका सांगू. काय लिहिलं ते मले नको. फक्त साक्षीत कागद चालत नाही. आत जाताना बाहेर ठेवायचा."

"डोक्यात असेल तर?"

"डोक्यातलं कोणी बाहेर ठेवू शकत नाही मावशी," मोनाली म्हणाली. "तिथं तुमचा कागद नाही, तुमचा फोन नाही, तुमच्या बाजूनं कोणी उभं नाही. आवाज फक्त तुमचा राहील. एवढंच मी सांगू शकते."

तीन वाजता चंद्रभानने पुकारा केला. पूर्ण नाव, आडनावासकट, एवढ्या मोठ्याने, की यमुताईंना वाटलं लग्नाच्या मांडवात कोणी बोलावतंय. मोनालीने दार धरलं.

आत सगळं काल पाहिल्यासारखंच होतं. साहेब म्हणजे एक चाळिशीच्या बाई होत्या. शपथ झाली. नाव, वय, धंदा. घरकाम, असं त्यांनी सांगितलं. मागच्या बाकावर भैरवी बसली होती, तिच्या डोळ्यांत काही वाचता येईना. पुष्कर पलीकडे, हात पाठीशी बांधून उभा होता.

"त्या दिवशी तुम्ही आरोपीच्या नंबरवर फोन केला?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"हो."

"फोन कोणी उचलला?"

बोल आई, असं कानाशी अगदी स्पष्ट ऐकू आलं. यमुताईंनी कालच्या शिकवणीप्रमाणे हात वर केला. मोनाली पाणी घेऊन आली, आणि न बोलता परत दारापाशी गेली. पेला अर्धा झाला तेव्हा तो आवाज जरा दूर गेला. दूर गेल्यावर कळलं, की तो आवाज गौरांगचा नव्हताच. गौरांग त्यांना 'बोल आई' असं कधी म्हणालाच नव्हता. तो फोन उचलला की म्हणायचा, "काय वं माय," चेष्टेने, खेड्यातल्यासारखं. गिरिधररावांना ते आवडायचं नाही, म्हणून त्यांनी लिहिलेल्या कागदावर ते आलंच नव्हतं. कागदावर एका कोणत्यातरी सभ्य मुलाचा आवाज होता. आणि त्याला आपला म्हटलं, तर आपला खरा तो पुसला जाणार होता.

"पुष्करने," त्या साहेबांकडे बघून म्हणाल्या.

"काय बोलणं झालं?"

"मी विचारलं, किती दूर आहात. मग रस्ता कसा आहे, संत्री किती घेतली, असं काहीबाही. मग विचारलं, कुकर लावू का? तो म्हणाला, लावा काकू, आम्ही... एवढंच. मग फार मोठा आवाज झाला."

"तुमचा मुलगा काही बोलला?"

"नाही. गौरांगचा आवाज मला ऐकू आला नाही." आणि कोणी न विचारता, पण कोणी न थांबवता त्या म्हणाल्या, "मी तेव्हा फोन केला नसता, तर बरं झालं असतं. भात काय, ते आल्यावरही झाला असता."

न्यायाधीश बाईंनी क्षणभर पेन खाली ठेवलं. मग टायपिंग करणारीला हळू आवाजात सांगितलं, "साक्षीदार पुढे सांगते की, फोन आरोपीने उचलला. कुकर लावू का, अशी तिने विचारणा केली." मशीन खडखडलं. दीड वर्षं छातीत असलेलं वाक्य सरकारी कागदावर उतरलं, आणि तिथे ते अगदी लहान दिसलं. यमुताईंनी पुष्करकडे बघितलं. त्याने मान वर केली होती. दीड वर्षात पहिल्यांदा तो सरळ त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या वकिलाने रोह्याबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी स्वयंपाकघरात होते. तिथून रोही दिसत नाही."

बाहेर आल्या तेव्हा गिरिधरराव उठून उभे होते. "झालं नीट?"

यमुताई काही बोलणार, तोच मोनाली दोघांच्या मधे आली. "बोलायचं नाही मावशी. काकाजी, पुढचा नंबर तुमचाच आहे."

ही मात्र यमुताईंना अजिबात न सुचलेली पाचर होती. नवरा आत जाणार, पाठ केलेलं घडाघड म्हणणार, आणि बायकोने तिथेच दहा मिनिटांपूर्वी उलटं सांगितलेलं असणार. नोकरीभर फायलीत खोटी नोंद न केलेला माणूस म्हातारपणी सगळ्यांसमोर खोटा पडणार. आणि तोंड उघडायची सोय नाही. त्यांनी मोनालीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर नियम होता, आणि नियमाच्या मागे एक कळवळाही होता, पण नियम पुढे होता.

मग यमुताईंनी हात पुढे केला आणि नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशातला कागद काढून घेतला.

"कागद आत चालत नाही," त्या म्हणाल्या.

गिरिधरराव बघतच राहिले. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या बाईने त्यांच्या खिशाला कधी हात लावला नव्हता. तिने आपलाही कागद पर्समधून काढला, दोन्ही एकात एक घडी घातले आणि रिकाम्या डब्यात ठेवून झाकण लावलं. चंद्रभानने त्यांचं नाव पुकारलं.

"आता तुम्ही आत बसू शकता मावशी," मोनाली हळूच म्हणाली. "तुमची झाली."

यमुताई भैरवीशेजारी जाऊन बसल्या. कठड्यात उभे राहिल्यावर गिरिधररावांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला.

"फोन कोणी उचलला, हे तुम्हाला माहीत आहे का?"

गिरिधररावांनी आधी पुष्करकडे बघितलं, मग बायकोकडे.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तिचे हात कणकेचे होते. फोन स्पीकरवर होता. आवाज पुष्करचा होता."

"हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नाही?"

"नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईने खुणा केल्या मी. ही एक—"

"विचारलं तेवढंच सांगा," साहेब म्हणाल्या, पण रागाने नाही.

"तेवढंच," गिरिधरराव म्हणाले आणि रुमाल शोधू लागले.

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघं तेच ऐकलेलं घेऊन दीड वर्ष जेवले, झोपले आणि एकमेकांना चहा दिला. यमुताईंना हुंदका आवरेना. भैरवीने त्यांच्या हातातला डबा काढून स्वतःच्या मांडीवर घेतला. तिने कानाशी वाकून सांगितलं, "मीही म्हटलं आई, मी झोपले होते. रोहीबिही मी पाहिला नाही."

पाच वाजता पुढची तारीख मिळाली. त्या दिवशीच्या रजिस्टरमध्ये मोनालीने तीन नावांपुढे खुणा केल्या. निकाल काय लागेल, ते तिला विचारून उपयोग नव्हता, आणि कोणी विचारलंही नाही. गिरिधररावांनी फक्त तिला हात जोडले. ती गडबडून गेली. "सांभाळून जा काकाजी, उन्हं उतरली तरी रस्ता तापलेला आहे," एवढंच म्हणाली आणि उद्याच्या साक्षीदारांना फोन लावायला खोलीत वळली.

फाटकाबाहेर पुष्कर थांबला. एरवी तो इथूनच वेगळा ऑटो करून चिंचभुवनला जायचा. तो चपलेकडे बघत म्हणाला, "काकू, मीच सांगायला पाहिजे होतं. पहिल्याच दिवशी."

"हो," यमुताई म्हणाल्या. "पाहिजे होतं."

भैरवी पुढे जाऊन ऑटोला हात दाखवत होती. अपघातानंतर पुष्करशी ती एक शब्दही बोलली नव्हती, आणि तो बाजूने गेला तर पदर आवरून घेई. यमुताईंच्या घरी त्या दिवसापासून कुकर कोणालाही न विचारता लागायचा. तो प्रश्नच त्या घरातून उठला होता. आता तो त्यांच्या ओठांवर आला.

"पुष्कर," त्या म्हणाल्या, "कुकर लावू का?"

पुष्करने तोंड उघडलं, पण त्याला "लावा काकू" याच्या पुढचं येईना. तो तिथेच, रस्त्यावर, लहान मुलासारखा रडायला लागला. गिरिधरराव त्याच्याकडे निघाले होते, अर्ध्यात थबकले आणि सुनेकडे बघू लागले. ऑटो येऊन उभा राहिला. भैरवीने डबा आत ठेवला, आपण आत बसली आणि कोणाकडेही न बघता सरकून शेजारी जागा केली.

"चौघांचा लावा, आई," ती म्हणाली.